थोरली मोटार, बेताचा पैसा

मोटार ही चैन की गरज, हा वाद आता आपल्या घरांतून मिटला आहे. बेळगाव-खानापूरकडील खेडी घ्या, गोव्यातील वाडे घ्या, अथवा इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आपली कुटुंबे घ्या. वृद्ध आईला रात्री-अपरात्री इस्पितळात न्यायचे, लेकीला परीक्षेच्या गावी पोचवायचे, सोयऱ्यांच्या लग्नास सहकुटुंब जायचे, तर दारात चार चाकांचे वाहन असावे असे प्रत्येकास वाटते. वाटणे साहजिक आहे. प्रश्न आहे तो पैशाचा. नवी मोटार घ्यावयाची तर छोटीच परवडते, आणि तेवढ्याच किमतीत कोणाची तरी जुनी, ऐसपैस, लांबरुंद सेडान समोर येऊन उभी राहते. दलाल म्हणतो, "छोटी कशाला घेता? याच पैशांत राजाची गाडी मिळते आहे." घरातील तरुण मंडळींचे डोळे चमकतात आणि कुटुंबप्रमुख विचारात पडतो.

अशा वेळी काय पाहावे, काय विचारावे आणि कोठे थांबावे, याविषयी आमच्याकडे वारंवार विचारणा होते. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडावा असे आम्ही योजिले. खेड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने ही खरेदी लहान नव्हे. जमीन व घर यांच्या खालोखाल बहुतेकांच्या आयुष्यातील हाच मोठा व्यवहार असतो, आणि तो बिघडला तर केवळ पैसाच नव्हे, घरातील शांतताही जाते.

थोरली मोटार स्वस्त का?

प्रथम हे समजून घेऊ की मोठी मोटार जुनी झाल्यावर इतकी स्वस्त का होते. २००६ साली केंद्र सरकारने चार मीटरहून अधिक लांबी नसलेल्या, १,२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल अथवा १,५०० सी.सी.पर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या मोटारींस करात सवलत दिली. तेव्हापासून आपल्या देशात मोटारींचे दोन वर्ग पडले: चार मीटरच्या आतील व त्याबाहेरील. होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना या साधारण साडेचार मीटर लांबीच्या सेडान दुसऱ्या वर्गात मोडतात. टोयोटा कोरोला अल्टिस, होंडा सिव्हिक, स्कोडा ऑक्टाव्हिया या त्यांहून काहीशा लांब. आणि टोयोटा कॅमरी, होंडा ॲकॉर्ड, स्कोडा सुपर्ब या खऱ्या अर्थाने थोरल्या.

या गाड्या नव्या असताना महाग असतात आणि पहिल्या पाच वर्षांत त्यांची किंमत झपाट्याने उतरते. विमा कंपन्यांचे प्रचलित कोष्टक पाहिले तर एक वर्षाच्या आत मोटारीचे मूल्य १५ टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांनी, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी कमी धरले जाते. बाजारात थोरल्या सेडानचा भाव पुष्कळदा याहूनही खाली येतो, कारण लोकांची आवड आता उंच बांध्याच्या एस.यू.व्ही. गाड्यांकडे वळली आहे. शिवाय अनेक नमुन्यांचे उत्पादन थांबले: कोरोला अल्टिस व सिव्हिक २०२० साली, सियाझ २०२५ साली. उत्पादन थांबलेल्या गाडीस गिऱ्हाईक बिचकते, म्हणून भाव आणखी उतरतो.

म्हणजे स्वस्ताईचे कारण गाडीतील खोट हेच असते असे नाही. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा भार सोसलेला असतो; दुसऱ्यास त्याचा लाभ मिळतो. पण एक गोष्ट ध्यानात धरावी. किंमत उतरते ती फक्त गाडीची. तिच्या टायरची, ब्रेकची, गिअरपेटीची आणि तेलाची किंमत उतरत नाही. वीस लाखांची मोटार चार लाखांस मिळाली, तरी तिची दुरुस्ती वीस लाखांच्या मोटारीचीच असते. या एका वाक्यात या खरेदीचे अर्धे शहाणपण आले.

आणखी एक हिशेब हल्ली विसरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर बदलला. छोट्या मोटारींवर तो १८ टक्के झाला, आणि मोठ्यांवर पूर्वीच्या कर व अधिभाराऐवजी ४० टक्के. त्यामुळे नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विकणारा आपले जुने बिल दाखवून "मी इतक्यास घेतली होती" असे सांगू लागला, तर त्या बिलाशी तुलना करू नये. तीच अथवा तशीच गाडी आज नवी कितीस मिळते, हे पाहूनच बोली करावी.

आधी घराकडे पाहावे

गाडी पाहण्यापूर्वी घराकडे पाहावे. सेडान कितीही लांब असली तरी नोंदणीपुस्तकात तिची आसनक्षमता पाच असते, आणि त्यांत चालकही आला. आजी-आजोबा धरून घरात सात माणसे असतील, तर लांबी वाढल्याने जागा वाढत नाही. वाढते ती पाय पसरण्याची सोय आणि डिकी. सातांच्या कुटुंबाने सेडानच्या मागे लागूच नये. पाचांच्या कुटुंबास मात्र ती खरोखर सुखाची. सियाझची डिकी ५१० लिटरची आहे; लग्नाच्या बॅगा, नारळ-तांदळाची पोती सहज मावतात. त्याच डिकीत सी.एन.जी.ची टाकी बसविली तर ही सोय गेली. टाकी बसविलेली असल्यास तिची नोंद नोंदणीपुस्तकात आहे काय, हेही तपासावे.

दुसरे, रस्ता व अंगण. साडेचार-पावणेपाच मीटर लांबीची गाडी आपल्या फाटकातून वळते काय? पावसाळ्यात चिऱ्याच्या कच्च्या वाटेवर तिचे पोट घासते काय? दोन चाकांतील अंतर लांब असल्याने उंच गतिरोधकावर सेडानचा मधला भाग टेकतो. गाडी पाहावयास जाताना एकट्याने न जाता घरची चार माणसे बसवून ती आपल्याच वाटेवर चालवून पाहावी. शहराच्या डांबरी रस्त्यावर सर्वच मोटारी चांगल्या वाटतात.

पैशाचा ताळेबंद

समजा, घरात एकूण ५ लाख रुपयांची तजवीज आहे. तर पाच लाखांची गाडी घेऊ नये. नाव बदलणे, विमा व किरकोळ कर यांसाठी २५-३० हजार बाजूस काढावेत. पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, इंजिन ऑइल, ब्रेक, क्लच यांपैकी काही ना काही निघतेच. त्यासाठी आणखी ६०-७० हजार राखून ठेवावेत. राहिले सुमारे चार लाख. गाडी या चार लाखांत शोधावी. राखून ठेवलेली रक्कम लागलीच नाही तर आनंदच आहे. पण ती नसेल तर पहिल्याच बिघाडास सावकाराचे दार दिसते.

कर्जाचा हिशेबही कागदावर मांडावा. जुन्या मोटारीवरील कर्जाचा व्याजदर नव्याहून चढा असतो. उदाहरणादाखल ३ लाख रुपये, १४ टक्के व्याज आणि ४ वर्षांची मुदत धरू. महिन्याचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ३ लाख ९३ हजारांवर जाते. म्हणजे तीन लाखांच्या गाडीस ९३ हजार अधिक. याच चार वर्षांत गाडी जुनी होत जाते आणि हप्ता मात्र तेवढाच राहतो. ज्या घरात उत्पन्न पिकावर अवलंबून आहे, त्यांनी हप्त्याचा विचार चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर न करता वाईट वर्षाच्या उत्पन्नावर करावा.

मग इंधन. महिन्यास एक हजार किलोमीटर धावणारी गाडी वर्षास १२ हजार किलोमीटर जाते. छोटी मोटार लिटरला १८ किलोमीटर देत असेल तर ६६७ लिटर लागतील. थोरली मोटार १२ देत असेल तर १,००० लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी दर १०० रुपये धरला, तरी वर्षास ३३ हजार रुपयांचा फरक पडला. तीन वर्षांत एक लाख. "याच पैशांत राजाची गाडी" असे म्हणणाऱ्याने हा लाख रुपयांचा आकडा सांगितलेला नसतो. याउलट महिन्यातून दोन-चारदाच गाडी काढणाऱ्या कुटुंबास हा फरक थोडा. त्यांना थोरली मोटार अधिक परवडते. ज्याचा प्रवास कमी, त्याने मोठी जुनी गाडी घ्यावी. ज्याचा रोजचा प्रवास मोठा, त्याने कमी इंधन पिणारी घ्यावी. हा ढोबळ नियम पुष्कळांना उपयोगी पडेल.

कोणती घ्यावी?

नेमके नाव सांगा असा आग्रह होतो. आमचे मत असे: खेड्यातील कुटुंबाने ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी आपला गॅरेजवाला उघडू शकतो, तीच घ्यावी. या कसोटीवर सिटी, सियाझ, व्हर्ना या पेट्रोल सेडान, साध्या हाताने बदलावयाच्या गिअरच्या, सर्वांत निर्धोक. कोरोला अल्टिसचे पेट्रोल इंजिन टिकाऊपणाबद्दल नावाजलेले आहे. तिचे भाग महाग, पण ती वारंवार बिघडत नाही. ॲकॉर्ड, कॅमरी, सुपर्ब या गाड्यांचा आराम अवीट, परंतु त्यांची देखभाल मोठ्या शहराशी बांधलेली आहे. तेथवर गाडी टोचून नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

स्वयंचलित गिअरपेटी, विशेषतः दोन क्लचची, बिघडली तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. डिझेलच्या बाबतीतही सावध असावे. टर्बो, इंजेक्टर, इंधनपंप हे भाग महाग. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी केवळ दोन-चार किलोमीटर धावून थांबत असेल तर ती गाळणी स्वतःस साफ करू शकत नाही व तुंबते. लांब पल्ला नसेल तर डिझेल घेऊच नये.

पेट्रोल गाड्यांबद्दलही एक गोष्ट. २०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्यास अनुरूप बनविल्या आहेत. त्यापूर्वीच्या गाडीत मायलेज काहीसे घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्या व पॅकिंग यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर या नळ्या एकदा मेस्त्रीकडून पाहून घ्याव्यात.

जिवाची काळजी

गाडीत कोण बसणार आहे, हे विसरून चालत नाही. आपल्या देशात चालकासमोरची एअरबॅग आणि चाके न अडकू देणारा ए.बी.एस. ब्रेक सर्व नव्या मोटारींस २०१९ साली सक्तीचा झाला. पुढील दोन्ही आसनांस एअरबॅग त्यानंतर आली. म्हणजे त्यापूर्वीच्या, कमी किमतीच्या प्रकारात या गोष्टी नसूही शकतात. मोटारीचे नाव मोठे आहे म्हणून ती सुरक्षित आहे असे मानू नये. त्याच नमुन्याचा वरचा प्रकार, एक-दोन वर्षे अधिक जुना असला तरी, एअरबॅग व ए.बी.एस. असेल तर तो पत्करावा.

एअरबॅग आहे एवढ्यावरही थांबू नये. टाकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील फुगविणारा घटक सदोष निघाल्याने जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. होंडा कंपनीने आपल्या देशातही २०१७ व २०१८ साली सिटी, ॲकॉर्ड, जॅझ या जुन्या गाड्या यासाठी बोलविल्या होत्या. हा भाग कंपनी विनामूल्य बदलून देते. चेसिस क्रमांक कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात दाखविला म्हणजे काम राहिले आहे काय ते कळते. खरेदीपूर्वीच हे विचारून घ्यावे.

आणि मागे बसणाऱ्यांचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्यू पावले. मोटार महागडी होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. जुनी गाडी घेताना मागील तीनही पट्टे खेचून, अडकवून पाहावेत. ते कुजलेले असतील तर पहिला खर्च तेथे करावा. आसनांची नवी कव्हरे मागाहून.

गाडी कशी पाहावी?

गाडी नेहमी दिवसाउजेडी, कोरड्या हवेत आणि इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन एका सेल्फात सुरू झाले पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे. दाट काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असावे. ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आतल्या बाजूस ताकासारखा पांढुरका थर दिसला तर ती गाडी तेथेच सोडावी.

बाहेरून पाहताना पत्र्यांमधील फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय ते पाहावे. दारांच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा, एका दाराच्या रंगाची वेगळी छटा, या सर्व गोष्टी गाडी ठोकली गेल्याचे सांगतात. थोडी ठोकलेली व नीट दुरुस्त झालेली गाडी वाईट नसते. पण चेसिसच वाकली असेल तर ती रस्त्यावर सरळ जात नाही आणि टायर एका बाजूने झिजतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते; २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी "तीसच हजार किलोमीटर चालली" असे सांगणाऱ्याच्या गाडीवर दुसरे टायर कसे आले, हे नम्रपणे विचारावे.

मीटर मागे फिरविणे हल्ली अवघड राहिलेले नाही. म्हणून मीटरवर विसंबू नये. ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई, चालकाच्या आसनाची कडा यांची झीज पाहावी आणि सर्व्हिसची बिले मागावीत. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ते क्रमाने वाढत गेले पाहिजेत.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे फार महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली व बेळगाव भागांत आलेला पूर आपण विसरलेलो नाही. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात व दूरच्या गावी खपतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत खेचून पाहावा. टोकाशी चिखलाची रेघ असेल तर तो पुराचा साक्षीदार आहे. आसनांखालील लोखंडी पट्ट्यांवरील गंज, जादा चाकाच्या खड्ड्यातील वाळू, कुबट वास दडविण्यासाठी मारलेले उग्र अत्तर, हीदेखील चिन्हे होत. बुडालेल्या मोटारीची विजेची तारजोड वर्षानुवर्षे त्रास देते. ती फुकट मिळाली तरी महाग पडते.

शेवटी, आपल्या ओळखीचा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी देऊन गाडी वर उचलून खालून पाहावी. दीड-दोन हजारांचा हा खर्च पुष्कळांना जड वाटतो. चार लाखांच्या व्यवहारात तो फार तर अर्धा टक्का.

कागदपत्रे आणि सीमेचा प्रश्न

आपल्या सीमाभागातील वाचकांस येथे विशेष सावध राहावे लागते. बेळगावहून कोल्हापूर व पणजी ही दोन्ही शहरे शे-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरावर. त्यामुळे के.ए. २२ च्या घरी एम.एच. ०९ वा जी.ए. ०३ ची गाडी येणे नेहमीचेच. भाव कमी दिसतो, पण त्यांत कराचा फरक धरलेला नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला हवा. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो. नव्या राज्याचा रस्ताकर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो, आणि कर्नाटकाचे दर देशातील चढ्या दरांपैकी आहेत. जुन्या राज्यातून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण आधी भरावे लागते व परतावा मागाहून, वेगळा अर्ज केल्यावर मिळतो. म्हणून परराज्यातील गाडीचा भाव ठरविण्यापूर्वी आपल्या आर.टी.ओ.त जाऊन कर किती पडेल हे विचारावे. तो भावात मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस दिल्लीच्या गाड्यांचा मोह पडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घातले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५ साली त्यांत काही बदल झाले. या निर्बंधांमुळे तेथील मोठ्या डिझेल सेडान बाहेर स्वस्त विकल्या जाऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असे नाही, परंतु ना-हरकत दाखला हाती पडल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. हेही लक्षात ठेवावे की खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे तपासणी करून व शुल्क भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने दोन वर्षांनंतरचा हा खर्च आजच धरावा.

नोंदणीपुस्तकातील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास पुस्तकात बँकेचे नाव असते. बँकेचा दाखला व नमुना ३५ यांवाचून ते निघत नाही. थकलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहता येतात. ते विकणाऱ्याकडून भरून घ्यावेत. नाव बदलण्यासाठी नमुना २९ (विकणाऱ्याची सूचना) आणि नमुना ३० (अर्ज) भरावे लागतात. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.स कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. विकणाऱ्यास दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत त्याचीच राहते. ती गाडीबरोबर येत नाही, म्हणून आपला हप्ता थोडा अधिक बसेल.

पैसे बँकेमार्फतच द्यावेत. एका व्यवहारात २ लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही. गाडी ताब्यात घेताना तारीख व वेळ लिहिलेली पावती दोघांनी सह्या करून ठेवावी.

विकणाऱ्याचेही भले

"नाव मागाहून बदलू, घाई काय?" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. त्याचे फळ काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून कळते. एका गृहस्थाने २००७ साली आपली मोटार विकली. पुढे ती हातोहात आणखी काही जणांकडे गेली, पण नोंदणीपुस्तकात नाव पहिल्याचेच राहिले. मे २००९ मध्ये तिने अपघात केला. एकाचा जीव गेला, एक स्त्री जखमी झाली. न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडीच्या किल्ल्या सोडल्या होत्या, त्याच्या डोक्यावर ती आली. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने भरपाईसाठी एकामागून एक खरेदीदारांच्या शोधात वणवण करावी काय, हा विचार या निर्णयामागे होता, आणि तो योग्यच आहे.

तेव्हा नाव बदलणे हे जितके घेणाऱ्याच्या हिताचे, तितकेच विकणाऱ्याच्याही. या संदर्भात आम्ही आपल्या कुटुंबांस एक गोष्ट आवर्जून सांगू इच्छितो. आज आपण घेणारे आहोत. पाच वर्षांनी आपणच विकणारे होणार. त्या वेळी गिअरपेटीचा आवाज, पुरात शिरलेले पाणी, एकदा ठोकलेला मागचा भाग, हे सर्व समोरच्या माणसास उघड सांगावे. त्याने पाच-दहा हजार कमी दिले तरी चालेल. ज्या गाडीत दुसऱ्याची मुले बसणार आहेत, तिचा ब्रेक दुबळा आहे हे ठाऊक असून गप्प राहणे हा नुसता व्यापारातील चतुरपणा नव्हे; ती चोरीची एक रीत आहे आणि प्रसंगी त्याहूनही गंभीर पाप.

घेणाऱ्यानेही सज्जनपणा सोडू नये. विकणाऱ्याची अडचण पाहून भाव पाडीत नेणे शोभत नाही. गाडीचे दोष दाखवून, दुरुस्तीचा खर्च मांडून, योग्य भाव सांगावा आणि शब्द दिल्यावर तो पाळावा. मात्र मनात शंका असेल तर आगाऊ रक्कम देऊन अडकू नये. "आज दिले नाहीत तर उद्या दुसरा नेईल" असे कोणी म्हटले, तर नेऊ द्यावी. जुन्या मोटारींचा बाजार मोठा आहे. दुसरी गाडी मिळते, गेलेली पुंजी मात्र सहजी परत जमत नाही.

थोरली मोटार घेण्यात दोष नाही. ती शेजाऱ्यास दाखविण्यासाठी असेल तर महाग पडेल. घरच्या पाच माणसांना सुखरूप नेण्या-आणण्यासाठी असेल आणि हिशेब कागदावर जमत असेल, तर ती जुनी असूनही अनेक वर्षे इमानाने सेवा करील. खरेदीपूर्वी पत्नीला, मोठ्या मुलांना एकत्र बसवून हा हिशेब मांडावा: किंमत, राखीव रक्कम, हप्ता, वर्षाचे पेट्रोल, विमा. बेरीज सर्वांनी पाहिली आणि सर्वांनी होकार दिला, तर गाडी घरी आणावी. बेरीज जुळली नाही, तर आणखी एक वर्ष एस.टी.ने प्रवास करण्यात कोणताही कमीपणा नाही.